दोन ठोके, एक ठोका

१

छपरावर सोलर बसेल की नाही हे सांगायला कंपनी ज्या बाईंना पाठवायची, त्यांना सगळे टेपताई म्हणायचे. कमरेला स्टीलची टेप, खिशात खडू, खांद्यावरच्या पिशवीत होकायंत्र आणि हातभर लांबीचा लोखंडी गज. वीस वर्षांत हजारावर छपरं तुडवली होती बाईंनी. कुठल्या गच्चीवर झाडाची सावली तीन वाजताच येऊन बसते आणि कुठल्या मालकाने सिमेंटमध्ये हात आखडता घेतलाय, हे त्यांना जिना चढतानाच कळायचं.

आता सोलरचे खांब रोवायचे तर ते तुळईवरच रोवायला हवेत, नुसत्या स्लॅबवर नाही. तुळया दिसतात खालच्या खोलीतून. गच्चीवर सगळं सपाट. म्हणून ताईंची जुनी पद्धत ठरलेली होती. घरातल्या कोणीतरी जळमटं काढायची लांब काठी घ्यायची, तुळईखाली उभं राहायचं आणि छताला दोनदा ठोकायचं. ताई वर कान देऊन जागा हेरायच्या, गजाने एकदा ठोकून उत्तर द्यायच्या आणि तिथे खडूची फुली मारायच्या. दोन ठोके विचारायला, एक ठोका होकाराला. ऑफिसातली नवी पोरं हसायची. "ताई, फोनवर सांगता येतं की आता!" ताई म्हणायच्या, "फोनवर 'इथे' म्हणजे कुठे रे बाबा?"

ही खोड घरापर्यंत पोचली होती. संध्याकाळी ताई टेबलाशी बसल्या की बोटाने टेबलावर दोनदा ठोकायच्या. आतून नवरोबा ओट्यावर चमचा एकदा वाजवायचे. म्हणजे चहा ठेवला. निवृत्त झाल्यापासून चहाचं खातं त्यांच्याकडे होतं आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! लग्नाला अठ्ठावीस वर्षं झालेली, त्यामुळे एवढ्यात सगळं बोलून व्हायचं.

२

त्या दिवशीचं घर गल्लीच्या टोकाला होतं. एकच मजला, पुढे बैठकीची खोली, मधे स्वयंपाकघर, मागे एक खोली. भर दुपार होती. दार सुनेने उघडलं. ओले हात पदराला पुसत ती म्हणाली, "या ताई, या. कधीची वाट बघतेय. हे शाळेची बस चालवतात, ती सोडून येता येत नाही, म्हणून माझ्यावरच आलंय सगळं. पण एक सांगते, आमचं छप्पर नापास करू नका हं!"

"छप्पर काय परीक्षेला बसलंय होय?" ताई हसल्या. "बघू तर द्या."

पण मागच्या खोलीत पाऊल टाकलं आणि त्यांचं हसू मावळलं. लोखंडी पलंगावर सासूबाई पडल्या होत्या. अंगात जीव तो केवढा, पांघरुणाखाली कोणी आहे की नाही असं वाटावं. नाकाला नळी आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला जमिनीवर प्राणवायूचं मशीन. घर्र करून ओढत होतं, सूं करून सोडत होतं.

"रोज दुपारी लाइट जाते," सून हळू आवाजात सांगू लागली. "कधी तासभर, कधी तीन तास. मशीनचा गजर केव्हाच मुका झालाय. इन्व्हर्टर दोनदा आणला, पण मशीनचा भार त्याला पेलत नाही. तुमची सोलरची मोठी बॅटरी आली तर मशीन थांबणारच नाही म्हणे. गेल्या आठवड्यात मी मागे कपडे धूत होते, लाइट कधी गेली कळलंच नाही. येऊन बघते तर आईंचे ओठ निळे! उशाशी चमचा ठेवलाय ताई, पलंगावर दोनदा वाजवा की मी धावत येते. पण वाजवतील तर शपथ! मरायची वेळ आली तरी हट्ट सुटत नाही."

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं नाही. त्या छताकडे बघत होत्या. चमचा उशाशीच होता आणि त्यांची मूठ घट्ट मिटलेली होती.

कंपनीची माणसं गुरुवारी यायची होती, पण ताईंचा अहवाल आजच गेला तर. नाहीतर नंबर थेट तीन महिन्यांनी. ताईंनी मनात म्हटलं, काहीही होवो, या घराला हो म्हणायचं.

"मग घ्या काठी," त्या सुनेला म्हणाल्या. "पुढच्या खोलीपासून सुरू करा."

"आईंच्या खोलीत नको हं ठोकायला. त्यांना नाही चालत," सून म्हणाली.

३

गच्ची चांगली होती. दक्षिण मोकळी, सावलीला झाड नाही, कठडा बुटका. ऊन असं की चपलेतूनही चटका बसावा. ताईंनी टेप टाकली, होकायंत्र बघितलं, वहीत आकडे लिहिले. मग गज घेऊन उकिडव्या बसल्या.

खालून ठक ठक. ताईंनी एक ठोका दिला, फुली मारली. पुन्हा ठक ठक, पुन्हा एक. पुढच्या खोलीवर पाच फुल्या पडल्या, दोरी लावावी तशा एका रेषेत. पोरीचा हात चांगला आहे, त्यांना वाटलं.

मग जरा खंड पडला. गल्लीत कुठल्याशा गाडीचा भोंगा वाजला. ताईंनी घाम पुसला, पाणी प्यायल्या. तेवढ्यात पुन्हा ठक ठक.

हे जरा बाजूला होतं. तुळई सरळ जायची ती तिरकी कशाला जाईल? पण जुन्या गवंड्यांनी काय काय दिवे लावून ठेवलेत ते ताईंना माहीत होतं. त्यांनी एक ठोका दिला, फुली मारली. लगेच पुढचे दोन, चार पावलांवर. एक ठोका, फुली. पुढे पुन्हा दोन. सुनेने आता काठीचं टोक बदललं असावं, कारण आवाज लाकडाचा नव्हता. वाकवलेल्या बोटाने दार वाजवावं तसा होता. आणि घाई तर अशी की ताईंचा गज टेकतो न टेकतो तोच पुढच्या जागी ठक ठक.

"अगं हो, हो! दम घे जरा," ताई वरूनच ओरडल्या आणि हसल्या.

तशा सात फुल्या झाल्या. सातवी मारून त्या कंबर धरून उठल्या आणि सहज कठड्यावरून खाली डोकावल्या. फाटकाबाहेर प्राणवायूच्या सिलिंडरवाल्याची गाडी उभी होती. सून त्याच्याशी घासाघीस करत होती. काठी तिच्या बगलेत होती.

"अहो ताई!" तिने वर बघून हाक मारली. "झालंच हं, येते! हा केव्हापासून डोकं खातोय, तुम्ही थांबलायत ना?"

"केव्हा बाहेर आलात तुम्ही?"

"भोंगा वाजला ना, तेव्हाच की."

४

ताई भित्र्या नव्हत्या. रिकाम्या घरांच्या गच्च्यांवर एकटीने काम केलेली बाई. त्यांनी आधी डोकं चालवलं. टाकीचा नळ असेल, उन्हात पाइप तडतडतात. त्यांनी टाकी बघितली. नळ मागच्या कठड्याशी होता, फुल्यांपासून लांब. कबुतर असेल. पण कबुतर स्लॅबच्या खालून कसं ठोकेल? स्लॅब पाच इंचांची, मगाशीच जिन्याच्या कडेला त्यांनी मोजली होती. खाली तुळया आणि उघडं छत, मधे पोकळी नाही. पाच इंच सिमेंट आणि सळया. त्यात मावणार काय?

त्यांनी फुल्यांकडे पाहिलं. पहिल्या पाच पुढच्या खोलीवर, सरळ. पुढच्या सात जिन्याच्या बाजूने निघून तिरक्या मागे गेलेल्या, एकीपेक्षा दुसरी जरा जवळ, घाईने चालत गेलेल्या माणसाच्या पावलांसारख्या. ताईंनी टेप लावली, अंतरं वहीत घेतली आणि खाली आल्या. बैठकीतून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून मागची खोली. टेप जमिनीवर ठेवत त्यांनी सातवी फुली कुठे येते ते शोधलं.

ती सासूबाईंच्या पलंगाच्या बरोबर वर येत होती.

शोधायची गरजच नव्हती म्हणा. स्वयंपाकघराच्या फरशीवर चुन्याची चिमूटभर पूड पडली होती. चार पावलांवर दुसरी चिमूट. उंबऱ्यावर एक. खोलीत तीन. आणि शेवटची पांघरुणावर, म्हातारीच्या छातीशी. मान वर करून बघितलं तर छत कुठेही खरचटलेलंसुद्धा नव्हतं.

ताई उसन्या आवाजात म्हणाल्या, "आजी, काही आवाज आला का हो?"

सासूबाईंनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. नळीमुळे आवाज घशातच राहत होता. त्या म्हणाल्या, "रोज येतो."

"कशाचा?"

म्हातारीची नजर पुन्हा छताकडे गेली. आणि त्याच वेळी लाइट गेली.

५

मशीन थांबलं. घर्र नाही, सूं नाही. आपण इतका वेळ त्या आवाजाच्या आधाराने उभ्या होतो हे ताईंना तेव्हा कळलं.

बाहेर भर दुपारचं ऊन होतं, खिडकी उघडी होती, गल्लीत सून सिलिंडरवाल्याशी अजून वाद घालत होती. आणि पलंगाच्या बरोबर वर, छतातून, ठक ठक.

गच्चीवर कोणी नव्हतं. जिन्याच्या दाराला ताईंनी स्वतः कडी घातली होती.

ठक ठक. पुन्हा. सावकाश, समजुतीने. ऐकू आलं नसेल म्हणून पुन्हा विचारावं तसं. पांघरुणावर आणखी चिमूटभर चुना पडला. सासूबाईंची छाती भात्यासारखी वरखाली होऊ लागली, ओठांचा रंग उतरत चालला. चमचा हातापासून चार बोटांवर होता. त्या चमच्याकडे नाही, छताकडे बघत होत्या.

ठक ठक.

आणि ताईंचा हात वर गेला. त्यांनी नेला नव्हता हो! वीस वर्षांची सवय, दोन ऐकले की एक द्यायचा. हातातला गज पलंगाच्या दांडीकडे निघाला. इतकी ताकद त्या म्हातारीत कुठून आली देव जाणे. सासूबाईंनी झडप घालून त्यांचं मनगट धरलं.

"नको," त्या म्हणाल्या. तेवढ्यातच त्यांचा उरलासुरला श्वास संपला.

"सूनबाई!" ताई जिवाच्या आकांताने ओरडल्या. "सूनबाई, धावा!"

सून धावत आली. तिने कोपऱ्यातल्या राखीव सिलिंडरची चावी फिरवली, तोंडाने "आई गं, आई गं" चाललं होतं. नळी बदलली. सूं झालं. मिनिटभराने म्हातारीच्या ओठांवर रंग परतला आणि दोघींचा जीव भांड्यात पडला. सून पलंगाच्या कडेला बसून रडू लागली. "चमचा होता ना आई! दोन ठोके मारायचे होते फक्त!"

ताईंना मात्र आता कळलं होतं म्हातारीचा हट्ट कसला तो. सून पाणी आणायला स्वयंपाकघरात गेली तसं सासूबाईंनी त्यांना खुणेने जवळ बोलावलं.

"चार वर्षं झाली," त्या एकेक शब्द ओढत म्हणाल्या. "मी काही म्हणजे काही वाजवलं नाही. एकदाही उत्तर दिलं नाही. तू दिलंस?"

"मला वाटलं, सूनबाईच..."

"किती वेळा?"

"सात."

म्हातारीने डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यांत भीती नव्हती, कीव होती. मरायला टेकलेल्या बाईने धडधाकट बाईची कीव करावी, हे ताईंना फार झोंबलं. सासूबाईंनी विचारलं, "तुझ्या घरी कोण असतं गं?"

"मी आणि हे. आम्ही दोघंच."

म्हातारी ताईंचा हात थोपटत राहिली.

६

अहवाल काय द्यायचा? अयोग्य म्हटलं तर बॅटरी नाही, आणि पुढच्या वेळी लाइट गेल्यावर सून धुण्याला गेली असेल, ही बाई चमचा वाजवणार नाही. योग्य म्हटलं तर गुरुवारी चार गडी ड्रिल घेऊन येणार, फुल्यांवर भोकं पाडणार आणि दिवसभर वरून खाली, खालून वर ठोकाठोक करणार. इकडे आड, तिकडे विहीर.

पण वीस वर्षं उगाच गेली नव्हती. सोलर भोक न पाडताही बसतं. सिमेंटच्या वजनी ठोकळ्यांवर सांगाडा ठेवायचा, खर्च थोडा जास्त, तुळया शोधायची गरज नाही. ताईंनी पलंगाची बाजू सोडून पुढच्या खोलीवरची जागा आखली आणि लिहिलं: योग्य. स्लॅबला छेद देऊ नये. कुठेही ठोकू नये. ऑफिसातून साहेबांचा फोन आला, "ठोकू नये म्हणजे काय हो ताई?" ताई म्हणाल्या, "स्लॅब नाजूक आहे." एवढं धडधडीत खोटं त्यांनी कुठल्या छपराबद्दल कधी सांगितलं नव्हतं. त्यांना लाज वाटली, पण हायसंही वाटलं.

जायच्या आधी बादली आणि फडकं घेऊन त्या फुल्या पुसायला वर गेल्या. पाच आणि सात, बारा. उन्हात पाणी लगेच वाळत होतं. बारावी पुसून त्या जिन्याकडे वळल्या आणि थबकल्या. जिन्याच्या दारात, त्यांचं पुढचं पाऊल पडणार तिथेच, आणखी एक फुली होती.

मीच मारली असेन, त्या मनाशी म्हणाल्या. चढताना मारली असेन, लक्षात नसेल. त्यांनी फडकं घासलं. जाईना. वाकून बघितलं तर तो खडू नव्हताच. केसासारख्या बारीक दोन भेगा एकमेकींना छेदून गेल्या होत्या, आणि भेगांच्या कडा वर उचललेल्या होत्या. वरून मारलेल्या फुलीच्या कडा खाली दबतात.

पाऊल वाजू नये म्हणून ताईंनी चपला काढून हातात घेतल्या आणि अनवाणी जिना उतरल्या.

७

गुरुवारी सोलर बसलं. ताई गेल्या नाहीत, अंगात कसर आहे म्हणून सांगितलं. शुक्रवारी त्यांनी तीन छपरं बघितली आणि तिन्ही ठिकाणी गज पिशवीतच ठेवला.

संध्याकाळी त्या घरी टेबलाशी बसल्या होत्या. खिडकीतून अजून उजेड येत होता. त्यांचंही घर एकमजलीच, वर नुसती गच्ची, गच्चीच्या दाराला कुलूप. आत नवरोबा भांड्यांशी खुडबुड करत काहीतरी गुणगुणत होते. फोन वाजला. त्या सुनेचा होता.

"ताई, किती उपकार मानू तुमचे! बॅटरी काय झकास चाललीय! आज दुपारी चार तास लाइट नव्हती, मशीनला पत्तासुद्धा नाही. आणि खरी गंमत पुढेच आहे. आज आईंनी चमचा वाजवला!"

"काय?"

"अहो, दोनदा! ठणठण! मी धावत गेले, वाटलं काय झालं. तर म्हणे, पाणी दे. आणि हसल्या! चार वर्षांत पहिल्यांदा. म्हणतात, आता वर आवाज नाही, तुम्ही येऊन गेलात त्या दिवसापासूनच बंद झालाय. काय आवाज, कसला आवाज, मला नाही कळत बाई. पण सुंठीवाचून खोकला गेला! रात्रभर शांत झोपतात आता."

"बरं झालं," ताई म्हणाल्या. त्यांना खरंच आनंद झाला. त्या निळ्या ओठांवर हसू आलं असेल ते कसं दिसलं असेल, असं क्षणभर त्यांच्या मनात आलं. मग सुनेचं शेवटचं बोलणं नीट डोक्यात शिरलं. त्या दिवसापासूनच.

"ताई? आहात ना? आईंनी तुम्हाला निरोप सांगायला सांगितलाय. म्हणाल्या, तिला म्हणावं, मला माफ कर. आता माफी कसली, तुम्हीच सांगा! म्हातारपण, दुसरं काय."

ताईंनी फोन ठेवला. त्यांनी टेबलाकडे पाहिलं. सकाळीच पुसलेल्या टेबलावर, त्यांच्या बोटांशी, चिमूटभर पांढरी पूड पडलेली होती.

त्यांनी मान वर केली नाही. उजवा हात डाव्या हाताने घट्ट धरला, मांडीखाली दाबला आणि त्यावर बसून राहिल्या. नाही द्यायचं उत्तर. म्हातारीने चार वर्षं नाही दिलं, मीही नाही देणार. वाजू दे काय वाजायचं ते.

डोक्यावर, छतात, ठक ठक.

ताईंनी दात आवळले. हात उसळला, पण त्यांनी सोडला नाही. एक क्षण गेला, दुसरा गेला. जमलं, त्यांना वाटलं. जमतंय मला.

आणि मग त्यांच्या लक्षात आलं. त्या ओरडायला गेल्या, पण तोवर उशीर झाला होता. आतून, ओट्यावरून, चमच्याचा एक ठोका आला.

"ऐकलं गं बाई, ऐकलं!" नवरोबा आतून हसत म्हणाले. "ठेवतोय!"